एचआयव्हीच्या चार टेस्ट, एक पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह: खरं कोणतं धरू?

कवडसा

नमस्कार. तीन दिवस धीर गोळा करून हे लिहितोय. माझ्या हातून काय चुकलं ते मला कळतं, त्यामुळे त्यावर कृपया बोलू नका. मला फक्त हे रिपोर्ट समजून घ्यायचेत.

२ तारखेला रात्री घराबाहेर संबंध आला. कंडोम फाटला होता, हे नंतर लक्षात आलं. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या तर संसर्ग टळू शकतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. कळलं तेव्हा १० तारीख उजाडली होती.

पुढचं तारखेवार सांगतो. १९ तारखेला, म्हणजे १७व्या दिवशी, लॅबमध्ये जाऊन दंडातून रक्त दिलं. चौथ्या पिढीची टेस्ट. रिपोर्ट नॉन-रिअॅक्टिव्ह. त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपलो. २५ तारखेला संध्याकाळी ताप भरला, १०१ च्या वर. घसा सोलल्यासारखा झाला आणि मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आल्या. २६ला पुन्हा त्याच लॅबमध्ये तीच टेस्ट केली. रिपोर्ट रिअॅक्टिव्ह. खाली बारीक अक्षरात आकडा होता: एस/सीओ ६.२.

परत येताना मी घरी करायचं किट घेतलं, बोटाला टोचून रक्ताचा थेंब टाकायचं. बाथरूमची कडी लावून केलं. १५ मिनिटांनी एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. २८ला दुसरं किट आणलं, पुन्हा एकच रेघ. पण झोप येईना म्हणून दोन तासांनी ते कचऱ्याच्या डब्यातून परत काढून पाहिलं, तर दुसऱ्या रेघेच्या जागी काहीतरी धूसर दिसलं. मोबाइलचा टॉर्च धरून, तिरकं करून बघत बसलो. एकदा वाटायचं आहे, एकदा वाटायचं नाही.

आज २९ तारीख. डॉक्टरांनी व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजायला, रक्त घेतलंय, उत्तराला चार दिवस लागणार. मी सारखा हिशेब करतोय की तीन वेळा निगेटिव्ह आणि एकदाच पॉझिटिव्ह आहे, तर लॅबचीच चूक असेल ना? आणि ती पुसट रेघ?

बायकोला अजून काही बोललेलो नाही. २१ तारखेला आम्ही एकत्र आलो होतो, कारण १९चा रिपोर्ट माझ्या खिशात होता. तापाचं निमित्त सांगून सध्या बाहेरच्या खोलीत झोपतोय.

पिपेट

कवडसा, १४ वर्षं मी प्रयोगशाळेत याच नळ्या हाताळतोय, म्हणून उत्तर देतोय. आधी तातडीचं बोलू.

पत्नीशी शेवटचा संबंध २१ तारखेला आला, त्याला आज आठ दिवस झाले. म्हणजे त्यांच्यासाठीही ७२ तासांची मुदत टळून गेली आहे. ती टळली नसती, तर व्हायरल लोडची वाट न बघता आजच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा असं मी म्हटलं असतं. दुसऱ्या कुणावर अशी वेळ असेल तर त्यांनी हे लक्षात घ्यावं. आता उत्तर येईपर्यंत संबंध पूर्ण बंद ठेवा, आणि कुणी कितीही गळ घातली तरी रक्तदान करू नका. संसर्ग झाला असेल तर रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो तो याच दिवसांत.

आता रिपोर्टांकडे येऊ. तुम्ही मतं मोजताय, आणि त्यामुळेच गोंधळ उडालाय. प्रत्येक रिपोर्टपुढे दोन गोष्टी लिहा: रक्त कितव्या दिवसाचं आणि ती टेस्ट रक्तात नेमकं काय शोधते.

संसर्गानंतर पहिले साधारण दहा दिवस कुठलीच टेस्ट काही दाखवत नाही. मग रक्तात आधी विषाणूचं आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडू लागतं, ते व्हायरल लोडच्या टेस्टला दिसतं. त्यानंतर काही दिवसांनी पी२४ नावाचं विषाणूच्या गाभ्यातलं प्रथिन दिसण्याइतकं वाढतं. आणि त्याच्याही नंतर आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी येतात. लॅबची चौथ्या पिढीची टेस्ट पी२४ आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते. घरच्या बहुतेक किटना फक्त अँटिबॉडी दिसतात, तुमच्या खोक्यावर तसं छापलेलं असेल, वाचून बघा.

म्हणजे मध्ये काही दिवस असे असतात की पी२४ आलंय आणि अँटिबॉडी अजून यायच्या आहेत. त्या दिवसांत लॅबचं मशीन रिअॅक्टिव्ह म्हणतं आणि घरच्या किटवर एकच रेघ येते. दोन्ही आपापलं काम बरोबर करत असतात. तुमच्या २६ तारखेचं असंच असू शकतं. असेलच, असं मी म्हणत नाहीये. ते पुढे सांगतो.

दिवसांचे आकडे असे. व्हायरल लोडसारख्या टेस्टला संसर्ग १० ते ३३ दिवसांत दिसतो. दंडातून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेल्या चौथ्या पिढीच्या टेस्टला १८ ते ४५ दिवसांत आणि फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवसांत. यातला पहिला आकडा म्हणजे काही जणांमध्ये तेव्हापासून दिसू लागतं, आणि शेवटचा म्हणजे जवळपास सगळ्यांमध्ये तोवर दिसायलाच हवं. तुमचं पहिलं रक्त १७व्या दिवसाचं. तुमच्या खिशातल्या त्या रिपोर्टला २ तारखेच्या रात्रीबद्दल काही सांगताच येत नव्हतं. तो कागद हातात देतानाच हे कुणीतरी तुम्हाला बोलायला हवं होतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण २१ तारीख त्यातून घडली.

आता ६.२. मशीन नळीतला प्रकाश मोजतं आणि ठरलेल्या कट-ऑफच्या तो किती पट आहे ते छापतं. १ च्या वर गेला की रिअॅक्टिव्ह. १.२, १.५ असे आकडे पुष्कळदा खोटे निघतात. जुना संसर्ग असेल तर आकडा बहुतेकदा खूप मोठा येतो, कित्येक मशीनवर शेकड्यांत. ६.२ मधला आहे, त्यावरून कुठल्याच बाजूने शपथ घेता येत नाही. लॅबला एक विचारा: ते सॅम्पल पुन्हा चालवलं होतं का? आमच्याकडे पद्धत अशी की रिअॅक्टिव्ह आलं की नळी परत सेंट्रिफ्यूज करायची आणि दोनदा टेस्ट लावायची. रक्त नीट गोठायच्या आत सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, काढलं तर त्यात फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा तंतू राहतो, कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा असावा तसा. तो मशीनच्या सुईत अडकला की आकडा उगाच फुगतो. मी स्वतः अशी नळी उजेडासमोर धरून तो तंतू पाहिलाय. पुन्हा फिरवल्यावर तेच सॅम्पल ०.१ वर आलं. तुमच्या रिपोर्टवर ‘पुनर्तपासणीत रिअॅक्टिव्ह’ अशा अर्थाचं काही असेल तर निदान ही शंका मिटेल.

ती पुसट रेघ विसरा. माहितीपत्रकात दिलेल्या वेळेत रेघ दिसली, मग ती कितीही फिकट असो, तर ती रिअॅक्टिव्ह धरायची. वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळते, रक्ताचा रंग पुढे सरकतो आणि रेघेच्या जागी सावली उमटू शकते. दोन तासांनंतरच्या किटवरून ना हो म्हणता येतं, ना नाही.

ताप, घसा, गाठी हे सुरुवातीच्या एचआयव्हीत दिसतात, बहुधा दोन ते चार आठवड्यांत. पण साध्या व्हायरल तापातही अगदी हेच होतं. त्यावरून निदान करू नका. मात्र डॉक्टरांना तारखेसकट सांगा, त्यांना ते उपयोगी पडतं.

तुमच्या डॉक्टरांनी योग्य टेस्ट सांगितली आहे. या टप्प्यावर वेस्टर्न ब्लॉटसारखी अँटिबॉडीची खात्रीची टेस्टही निगेटिव्ह किंवा अनिर्णित येऊ शकते आणि तिने २६चा रिपोर्ट खोटा ठरत नाही. व्हायरल लोड लाखांत आला तर प्रश्न मिटला. फार थोडा, शंभर-दोनशेच्या आत आला, तर दुसरं रक्त घेऊन पुन्हा बघतात, कारण तितकं चुकूनही दिसू शकतं. काहीच सापडलं नाही तर ६.२ खोटा असण्याकडे पारडं झुकतं. तरी ४५ दिवस पूर्ण झाल्यावर लॅबची टेस्ट पुन्हा करायचीच.

सरळरेषा

पिपेट यांनी एवढं सगळं लिहिलं, पण चौथ्या पिढीची टेस्ट ९९ टक्क्यांच्या वर अचूक असते असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग रिअॅक्टिव्ह आलंय म्हणजे ९९ टक्के आहेच की. त्यांना आशेवर कशाला ठेवायचं?

पिपेट

सरळरेषा, हा गैरसमज फार जणांचा असतो आणि त्यापायी लोकांनी जिवाचं बरंवाईट करून घेतल्याचं ऐकलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

समजा १०,००० जणांची टेस्ट केली आणि त्यात खरोखर संसर्ग झालेले १० आहेत. टेस्ट निरोगी माणसांमध्ये ९९.८ टक्के वेळा बरोबर उत्तर देते असं धरा. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांत ०.२ टक्के म्हणजे साधारण २० जण खोटे रिअॅक्टिव्ह येतील. खरे १० आणि खोटे २०. एकूण ३० जणांच्या हातात तोच रिअॅक्टिव्हचा कागद, आणि त्यातल्या २० जणांना संसर्गच नाही. टेस्ट तीच, अचूकता तीच. ती कुणावर केली यावर कागदाचा अर्थ ठरतो. म्हणून एका टेस्टवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ पासून सगळ्याच देशांना सुचवलंय की निदान करण्याआधी लागोपाठ तीन टेस्ट रिअॅक्टिव्ह आल्या पाहिजेत.

आता कवडसा यांच्याशी खरं बोलायचं तर ते त्या १०,००० मधले कुणीही एक नाहीत. त्यांच्याकडे तारीख आहे, फाटलेला कंडोम आहे, ताप आहे, आणि १७व्या दिवशी निगेटिव्ह असलेलं २४व्या दिवशी रिअॅक्टिव्ह झालंय. त्यामुळे त्यांच्या बाबतीत शक्यता दोन्हीकडे खरी आहे. मी त्यांना आशाही लावत नाही आणि घाबरवतही नाही. चार दिवस थांबा एवढंच म्हणतोय.

ओंजळ

कवडसादादा, माझ्याबाबतीत उलटं झालं होतं, म्हणून लिहिते.

पहिल्या गरोदरपणात नेहमीच्या तपासण्यांमध्ये एचआयव्ही रिअॅक्टिव्ह आलं. आकडा १.३. रिपोर्ट देणाऱ्या बाईंनी चारचौघांत नाव पुकारून मला आत बोलावलं, तो क्षण मी अजून विसरलेले नाही. नवऱ्याचं निगेटिव्ह, माझं पूर्वी कुणाशी काही नाही. तरी सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं केलं. खात्रीची टेस्ट निगेटिव्ह आली, व्हायरल लोडमध्ये काहीच सापडलं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं तर आकडा परत १.३ च्या आसपास, जागचा हललेलाच नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, खरा संसर्ग असता तर एवढ्या दिवसांत हा आकडा कुठच्या कुठे गेला असता. गरोदरपणात असं क्वचित होतं. काही लशींनंतर किंवा अंगातल्या दुसऱ्या आजारांमुळेही होऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं.

माझी मुलगी आता दुसरीत आहे. तुमचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे तुमचंही माझ्यासारखंच होईल असं मी म्हणणार नाही. पण या सहा आठवड्यांत मी कुणाशीच बोलले नव्हते, ते फार जड गेलं. तुम्ही एका तरी माणसाला सांगा. आणि शक्य असेल तर ते माणूस वहिनी असू द्या.

पायवाट

मी नऊ वर्षं पॉझिटिव्ह आहे. माझंही निदान असंच अर्धवट रिपोर्टांमधून झालं. एका ठिकाणी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, आठवड्याने लॅबमध्ये रिअॅक्टिव्ह, पुन्हा रॅपिड निगेटिव्ह. मी निगेटिव्ह रिपोर्ट फोनचा वॉलपेपर करून ठेवला होता. शेवटी व्हायरल लोड आला तो दहा लाखांच्या वर.

कवडसा, उत्तर वाईट आलं तर पुढे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसेल. औषध शक्यतो त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत सुरू करतात. वाट बघण्यात फायदा नाही, हे २०१५ सालच्या स्टार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात स्पष्ट झालं. मी रोज एक गोळी घेतो. पाच महिन्यांत माझा व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली आला आणि तेव्हापासून तिथेच आहे. एवढा खाली असेल तर संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ जोडप्यांचे कंडोमशिवायचे सुमारे ७६ हजार संबंध नोंदवले होते. त्यातून एकालाही आपल्या जोडीदाराकडून संसर्ग झालेला आढळला नाही. मी हे आकडे पाठ केलेत. माझ्या बायकोनेही केलेत.

एक विनंती आहे. आता आणखी किट आणू नका. मी चार दिवसांत पाच आणली होती. प्रत्येक वेळी त्या १५ मिनिटांत माणूस नव्याने मरतो, आणि हाती येतं ते काहीच नाही, कारण अँटिबॉडी कालपेक्षा आज आल्यात का, एवढंच ते किट सांगणार. रक्त लॅबमध्ये पोचलंय, तिथलं उत्तर येऊ द्या.

कवडसा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

लॅबला फोन केला. २६चं सॅम्पल त्यांनी पुन्हा फिरवून दोनदा लावलं होतं, ६.२ आणि ६.०. पिपेटसाहेब, तेव्हाच मला अंदाज आला होता.

काल व्हायरल लोड आला: ८,४०,०००. डॉक्टरांनी आकडा वाचून कागद माझ्याकडे वळवला आणि शून्यं मोजायला वेळ दिला. कालच दुसरं रक्त घेतलं, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), यकृत, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी साठीही. रात्री जेवणानंतर पहिली गोळी घेतली.

बायकोला ३० तारखेलाच सांगितलं होतं, रिपोर्ट यायच्या आधी. ओंजळताई, तुमच्यामुळे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एकच विचारलं, “२१ तारखेला तुला माहीत होतं?” मी १९चा रिपोर्ट काढून दिला. तिने त्यावरची रक्त घेतल्याची तारीख वाचली, आधीची २ तारीख बोटांवर मोजली आणि म्हणाली, “सतराच दिवस झाले होते. तुला कुणी सांगितलं नाही?” ती माझ्यावर चिडलेली आहे, ते मी समजू शकतो. पण काल ती माझ्याबरोबर आली.

तिचंही रक्त घेतलंय, तिच्यासाठी तो १२वा दिवस होता. व्हायरल लोडही पाठवलाय. डॉक्टर काही म्हणायच्या आधी तीच म्हणाली, “आज निगेटिव्ह आलं तरी ते धरायचं नाही, बरोबर ना?” पुढचं रक्त चार आठवडे झाल्यावर, आणि मग ४५ दिवस उलटल्यावर. तोवर आम्ही वेगळे झोपतोय.

पिपेट

कवडसा, उत्तर वेगळं असतं तर बरं झालं असतं. पण फार लवकर सापडलंय, आणि औषध त्याच दिवशी सुरू झालं हे फार चांगलं झालं.

पुढे गोंधळ होऊ नये म्हणून एक सांगून ठेवतो. इतक्या लवकर औषध सुरू झालं की काही जणांमध्ये अँटिबॉडी नीट तयारच होत नाहीत, किंवा फार कमी राहतात. उद्या कुठे कुणी रॅपिड टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली तर ‘तुम्हाला नव्हतंच’ किंवा ‘बरं झालं’ असं कुणी म्हणेल. औषध थांबवू नका. १९, २६ आणि व्हायरल लोड, तिन्ही मूळ कागद एका फाइलमध्ये ठेवा. नवीन डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीच फाइल न्या.

वहिनींचा १२व्या दिवसाचा निकाल आला की इथे लिहा. निगेटिव्ह असला तरी त्यांनी म्हटलं तेच बरोबर आहे.

कवडसा

फाइल केली. तिच्या रिपोर्टांसाठी वेगळी आहे, तिने स्वतःच आणली. पहिल्या पानावर तारखा लिहिल्यात: २१ तारखेला गोल, आणि त्याच्यापुढे १२, २८, ४५. बाराच्या पुढे आज खूण केली. व्हायरल लोडमध्ये काही सापडलं नाही.

बाकीच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. त्या भरल्या की कळवतो.